थायरॉईडचं ऑपरेशन झालं, आता आयोडीन घ्यायचं की थांबायचं?

काळाचौकीकर_बाई

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, खूप लांबलंय त्याबद्दल आधीच माफ करा. वय ३७, राहायला काळाचौकी, महापालिकेच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आवरत होते तेव्हा नणंदेने आरशात बघून विचारलं की वहिनी गळ्याला हे उजवीकडे काय आलंय, बोराएवढी गाठ, पाणी गिळलं की वर खाली व्हायची. मला कधीच दुखली नाही म्हणून माझं लक्षच नव्हतं. मग सोनोग्राफी, मग सुईची तपासणी, त्यात बेथेस्डा ६ आलं म्हणजे कॅन्सरच.

२४ दिवसांपूर्वी ऑपरेशन झालं. पूर्ण थायरॉईड काढली आणि गळ्याच्या मधल्या भागातले लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) पण काढले. रिपोर्टमध्ये लिहिलंय ते जसंच्या तसं सांगते, पॅपिलरी कार्सिनोमा, क्लासिकल, २.१ सेंटीमीटर, थायरॉईडच्या बाहेर पसरलेला नाही, रक्तवाहिनीत शिरलेला नाही, कडा साफ. सात नोड काढले त्यातल्या दोनमध्ये सापडला, मोठा ठिपका १.५ मिलिमीटरचा, नोडच्या बाहेर आलेला नाही. पीटी२ एन१ए, म्हणजे गाठ दोन ते चार सेंटीमीटरमधली आणि गळ्याच्या मधल्या नोडमध्ये गेलेली.

आता माझा प्रश्न. सर्जन म्हणाले रेडिओॲक्टिव्ह आयोडीन (मागे उरलेल्या थायरॉईडच्या पेशी जाळणारं औषध) १०० मिलीक्युरी (हे डोसाचं माप) घेऊन टाका, म्हणजे विषयच संपला. मिस्टरांच्या ऑफिसातल्या एकांच्या ओळखीने दुसरीकडे दाखवलं तर ते डॉक्टर म्हणाले घाई काय आहे, सहा ते आठ आठवड्यांनी थायरोग्लोब्युलिन (थायरॉईडच्या पेशी बनवतात ते प्रोटीन, रक्तात तपासतात) आणि गळ्याची सोनोग्राफी करा मग ठरवू, आणि लागलंच तर ३० पुरेल. एकाच रिपोर्टवर दोन मतं कशी काय असतात? एक जण म्हणतो घ्या आणि एक म्हणतो थांबा, आम्ही कोणाचं ऐकायचं?

दुसरं म्हणजे आमची एकच खोली आणि स्वयंपाकघर, त्यात सासूबाई, मिस्टर, मी आणि चार वर्षांची मुलगी जी झोपताना माझ्या गळ्यात हात टाकल्याशिवाय झोपत नाही. सर्जन म्हणाले औषध घेतल्यावर काही दिवस लहान मुलापासून लांब राहावं लागेल, एका खोलीत लांब म्हणजे किती लांब? संडास तरी घरातला आहे, दोन वर्षांपूर्वी करून घेतला.

शिवाय आवाज बसलाय, संध्याकाळपर्यंत नुसती हवा येते तोंडातून. मान आखडते. आणि दोन तीन दिवस ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतायत, ते अशक्तपणामुळे असेल असं सासूबाई म्हणतात. १०० ची थायरॉक्सिन (थायरॉईडच्या हार्मोनची गोळी) चालू आहे, कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा आहे. कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

चार_तासांचं_अंतर

ताई बाकीचं सगळं नंतर वाचा, आधी मुंग्यांचं बघा. अशक्तपणा वगैरे काही नाही, कॅल्शियम उतरलेलं असणार. आज आत्ता सर्जनच्या ऑफिसला फोन करा आणि आजच रक्त द्या, कॅल्शियम, अल्ब्युमिन, जमलं तर पीटीएच (पॅराथायरॉईड ग्रंथींचं हार्मोन) पण. उद्यावर टाकू नका.

एवढं ठासून सांगतोय कारण माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्हाला पण मुंग्या काही वाटल्या नव्हत्या. घरी आल्यावर पाचव्या रात्री दीडच्या सुमारास तिने मला उठवलं, उजव्या हाताची बोटं आखडून एकत्र आली होती, आपण चिमटीत मीठ घेतो ना तशी, आणि उघडत नव्हती. मी वेड्यासारखा हात चोळत बसलो, वाटलं थंडीने असेल. नंतर तोंड पण वाकडं व्हायला लागलं तेव्हा रिक्षा करून पळालो, तिथे शिरेतून कॅल्शियम दिलं, अर्ध्या तासात बोटं सुटली. थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या अशा चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात, ऑपरेशनमध्ये त्यांचा रक्तपुरवठा हलतो आणि त्या काही आठवडे रुसतात. बहुतेकांच्या परत सुरू होतात. मधल्या काळात कॅल्शियमच्या गोळ्या आणि जोडीला कॅल्सिट्रिऑल (व्हिटॅमिन डीचं औषध) लागतं, तुम्ही नुसतं कॅल्शियम लिहिलंय म्हणून विचारा.

आणि आमचं दुसरं दुखणं सांगतो. डिस्चार्जच्या कागदावर थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम दोन्ही सकाळी असं लिहून दिलं होतं, आम्ही इमानाने दोन्ही एकत्र दिल्या, कोणी काही बोललं नाही. तीन महिन्यांनी टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, गोळी कमी पडली की वाढतं) १४. डोस वाढवला, तरी खाली येईना. शेवटी आमच्या नाक्यावरच्या केमिस्टने बिल करताना विचारलं की ह्या दोन गोळ्या किती वाजता घेता हो वहिनी, आणि तिथे उलगडा झाला. कॅल्शियम पोटात थायरॉक्सिनला धरून ठेवतं, ती अंगात जातच नाही. दोन्हीत चार तास हवेत, लोहाच्या गोळीला पण तेच. थायरॉक्सिन उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या पाऊण तासाने. कॅल्शियम दुपारी जेवल्यावर आणि रात्री. आम्ही थायरॉक्सिनची बाटली घड्याळाच्या खाली ठेवली आणि शेल्कल, म्हणजे कॅल्शियमची गोळी, डब्याच्या पिशवीत. कागदावर काय लिहिलंय ते एकदा काढून बघा ताई.

परळची_वारी

मी आयोडीन घेतलेलं आहे, २०१६ ला, परळलाच. टाटा हॉस्पिटलच्या ॲनेक्स बिल्डिंगमध्ये बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे ना, तिथे. १९६३ पासूनचं सेंटर आहे, थायरॉईडचे पेशंट कुठून कुठून येतात तिथे, माझ्या शेजारी बसलेली बाई मालदाहून आली होती, तीन दिवसांचा प्रवास करून, आणि मी विक्रोळीहून येऊन ट्रेनच्या गर्दीबद्दल कुरकुर करत होते.

पण आधी एक सांगते. माझे अकरा नोड निघाले होते, दोन तर नोडच्या बाहेर फुटलेले, मानेच्या बाजूचे सुद्धा. मला घेऊ का नको असा प्रश्नच नव्हता. तुझा रिपोर्ट माझा रिपोर्ट नाही. मी घेतलं म्हणून तू घे असं मी म्हणणार नाही, आणि सोसायटीतली कोणी म्हणाली की आमच्या मावशीने घेतलं नव्हतं तरी ठणठणीत आहे, तर तेही तुझ्या उपयोगाचं नाही.

आता काय असतं ते सांगते म्हणजे भीती कमी होईल. आधी टीएसएच ३० च्या वर न्यावं लागतं, त्यासाठी माझी गोळी चार आठवडे बंद केली. तो महिना औषधापेक्षा जड गेला. तोंड सुजलं, मे महिन्यात स्वेटर घालून बसायचे, पाण्याची अर्धी बादली उचलताना दम लागायचा आणि मुलाने काही विचारलं की उत्तर तोंडापर्यंत यायलाच वेळ लागायचा. गोळी बंद न करता टीएसएच वाढवायचं इंजेक्शन पण असतं पण ते बाहेरून येतं आणि महाग आहे, तरी विचारायला काय जातं, विचार.

मग दोन आठवडे आयोडीन कमी असलेलं जेवण. मासे बंद, सुका बोंबील जवळा पण बंद, दूध दही अंडी बंद, पाव बिस्किटं बंद. आयोडीन घातलेलं मीठ चालत नाही आणि समुद्राचं जाडं मीठ पण नको. पाकिटावर वाचून आयोडीन न घातलेलं मीठ शोधायचं, सैंधव असलं तरी काही कंपन्या त्यात आयोडीन घालतात. मी ज्वारीची भाकरी, साधी डाळ, दुधी, भेंडी, वांगं आणि कोरा चहा यावर दिवस काढले. हॉटेलचं काही नाही कारण त्यांचं मीठ कुठलं हे कोण सांगणार. आणि हो, मध्येच कोणी सीटी स्कॅन सांगितला तर आधी विचार, डाय टोचून केला तर त्यात ढीगभर आयोडीन असतं, मग महिना दोन महिने थांबावं लागतं.

औषध म्हणजे एक कॅप्सूल, शिशाच्या जाड डबीतून येते, देणारा माणूस ती लांबूनच पुढे करतो. गिळलीस की झालं, दुखत काही नाही. मग दार बंद. जेवण दाराशी ठेवतात. पाणी पी, पाणी पी, एवढंच सांगत राहतात कारण बरंचसं लघवीवाटे पहिल्या दोन दिवसांत निघून जातं, प्रत्येक वेळी दोनदा फ्लश. रोज लांबून रेडिएशनचा मीटर धरून आकडा बघायचे. तिसऱ्या दिवशी मला सोडलं. मी पोथी नेली होती वाचायला पण मन लागेना, खिडकीतून खालची माणसं मोजत बसायचे. नंतर गालाखाली लाळेच्या ग्रंथी सुजल्या आणि महिनाभर वरण पत्र्यासारखं लागायचं, ते हळूहळू गेलं, तोंड मात्र अजून कोरडं पडतं, पाण्याची बाटली पर्समध्ये असतेच.

एका खोलीचं म्हणशील तर तो प्रश्न तिथे तोंडावर विचार, लाजू नकोस, मुंबईत निम्म्या लोकांचं तेच असतं आणि त्यांना ते माहीत असतं. आम्हाला सोडताना लिहून दिलं होतं की मोठ्या माणसांपासून किती दिवस, लहान मुलापासून किती, गरोदर बाईपासून किती, डोसाप्रमाणे आणि मीटरच्या आकड्याप्रमाणे ते बदलतं. मी तिथून घरी न जाता बहिणीच्या बदलापूरच्या रिकाम्या फ्लॅटवर दहा दिवस राहिले, टॅक्सीने, मागच्या सीटवर एकटी. मुलगा घरी आईकडे. तुझी छोटी चार वर्षांची म्हणजे तिला समजावणं अवघड, तिलाच आजोळी पाठवता आलं तर सगळ्यात सोपं.

स्लाईडवाली

मी पॅथॉलॉजीत काम करते, असे रिपोर्ट रोज टेबलावर असतात. डॉक्टरांच्या ऐवजी मी ठरवणार नाहीच पण तुमच्या रिपोर्टमधल्या कुठल्या ओळींवर हे सगळं फिरतंय ते सांगू शकते, म्हणजे पुढच्या भेटीत नेमकं विचारता येईल.

स्टेज आधी. ५५ च्या आतलं वय आणि लांब कुठे पसरलेलं नाही म्हणजे स्टेज १, नोडमध्ये असलं तरी. पण स्टेज जीवाच्या धोक्याचं सांगते, परत येईल का ते वेगळं मोजतात. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या गाइडलाइनमध्ये नोड पाच किंवा कमी आणि प्रत्येक ठिपका २ मिलिमीटरच्या आतला असेल तर कमी धोक्याच्या गटात धरलंय. तुमचे दोन आणि मोठा १.५. म्हणून ती १.५ ची ओळ फार महत्त्वाची आहे, ती दोन्ही डॉक्टरांनी वाचलीय का ते विचारा, कारण नुसतं एन१ए वाचलं की कोणालाही आयोडीन द्यावंसं वाटतं. हे दोन मतांचं खरं कारण असू शकतं.

१०० की ३० यावर बऱ्यापैकी उत्तर आहे. २०१२ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समधले दोन मोठे अभ्यास एकाच वेळी आले, ३० आणि १०० समोरासमोर ठेवून, आणि उरलेली थायरॉईड जाळण्यात दोन्ही जवळपास सारखेच निघाले. इंग्लंडवाल्यात नोड असलेले पेशंटही होते. त्यामुळे तुम्हाला घ्यायचंच झालं तर १०० का आणि ३० का नाही हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शिवाय आपल्याकडे ३० मिलीक्युरीपर्यंत ॲडमिट न होता देता येतं, त्याच्या वर असेल तर आयसोलेशन वॉर्डच लागतो, हा अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे. एका खोलीच्या घरासाठी हा फरक छोटा नाही, पण उलटं पण लक्षात घ्या, ओपीडीत घेतलं तर पहिले दोन दिवस सुद्धा घरीच काढायचे असतात.

घ्यायचंच का, तर फ्रान्सचा २०२२ चा अभ्यास नेटवर सगळे दाखवतात, ७७६ पेशंट, न घेणारे आणि ३० घेणारे यांच्यात तीन वर्षांत फरक नाही. पण त्यात २ सेंटीमीटरच्या आतले आणि नोड नसलेलेच होते, म्हणजे तुम्ही त्यात बसत नाही, कोणी तो दाखवून नको म्हणालं तर हे सांगा. २०२५ मध्ये इंग्लंडचा एक आला, त्यात एन१ए पण घेतले होते, तिथेही एकंदरीत न घेतल्याने नुकसान दिसलं नाही, मात्र नोडमध्ये असलेल्यांत परत येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. म्हणून तुमच्यासारख्या केसमध्ये थायरोग्लोब्युलिन बघून ठरवू म्हणणारा डॉक्टर टाळाटाळ करत नाहीये. हे प्रोटीन फक्त थायरॉईडच्या पेशी बनवतात, चांगल्याही आणि कॅन्सरच्याही, ग्रंथी पूर्ण गेली की ते उतरत जातं आणि सहा आठवड्यांपर्यंत तळाला जातं. तळ कुठे लागला त्यावरून मागे किती उरलंय ते कळतं. त्याबरोबर थायरोग्लोब्युलिनची अँटीबॉडी तपासायलाच हवी, ती असेल तर आकडा खोटा कमी येतो. दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून काही दिवस आधी थांबवा, या तपासण्यांचे आकडे बायोटिनने चुकतात, आमच्याकडे आठवड्याला एक तरी असा सापडतो.

विचारलं नाहीत तरी लिहिते. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आत्ताच बोला, आयोडीन घेतलं तर त्यानंतर सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. नाही घेतलं तर टीएसएच स्थिर झालं की चालतं, फक्त दिवस राहिल्याचं कळताच डोस वाढवावा लागतो. आणि टीएसएच किती ठेवायचंय ते फाईलवर लिहून घ्या. कमी धोक्याला साधारण ०.५ ते २ पुरतं. काही जणींचं वर्षानुवर्षं अगदी तळाला दाबून ठेवलेलं असतं, गरज नसताना, मग धडधड होते, हाडं झिजतात.

अर्धीच_काढली

माझी एकच बाजू काढली, ठाण्याला, १.२ सेंटीमीटर होती, नोड नाही, आयोडीनचा प्रश्नच आला नाही. त्यामुळे त्यावर बोलत नाही. फक्त आवाजाबद्दल, कारण मी भजनी मंडळात गाते आणि माझा आवाज दोन महिने गेला होता.

बाई तुम्ही शिकवता, तर ईएनटीकडे जाऊन दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. स्वरतंतू हलवणारी नस थायरॉईडला चिकटूनच जाते, ऑपरेशनमध्ये ती नुसती ताणली गेली तरी आवाज बसतो आणि बहुतेकदा काही महिन्यांत येतो. माझा डावा तंतू हलत नव्हता. पाणी पिताना ठसका लागायचा, ते पण त्याच्यामुळेच, तुम्हाला लागतो का ते बघा. स्पीच थेरपिस्टने शिकवलं की हनुवटी थोडी खाली घेऊन घोट घ्यायचा. रोज दहा मिनिटं स्ट्रॉ तोंडात धरून ग्लासातल्या पाण्यात बुडबुडे काढत हूं करायचं. कुजबुजायचं नाही, त्याने उलट ताण येतो. साधं हळू बोलायचं. शाळेत रुजू होताना छोटा माईक लावा, कमरेला बांधायचा मिळतो, आमच्या इथल्या क्लासवाल्या बाई वापरतात. मानेचे व्यायाम सर्जनना विचारून आत्ताच सुरू करा, मी घाबरून मान धरून ठेवली आणि खांद्यापर्यंत दगड झाला.

काळाचौकीकर_बाई

सगळ्यांचे किती आभार मानू. त्याच दिवशी दुपारी रक्त दिलं, कॅल्शियम ७.४ आलं. दोन दिवस ॲडमिट केलं, कॅल्सिट्रिऑल सुरू झालं, मुंग्या गेल्या. दादा तुम्ही लिहिलं नसतं तर मी सासूबाईंनी केलेली नाचणीची पेज पीत घरीच बसले असते. आणि कागद काढून बघितला, सकाळी दोन्ही गोळ्या, अगदी तसंच. आता कॅल्शियम दुपारी, मिस्टर फोन करून आठवण करतात.

काळाचौकीकर_बाई

मागच्या वेळी लिहिलं त्याला सात आठवडे झाल्यावर परत लिहितेय, कोणाला उपयोग होईल म्हणून. ऑपरेशननंतर आठव्या आठवड्यात थायरोग्लोब्युलिन ०.३ आलं, अँटीबॉडी नाही, सोनोग्राफी साफ. स्लाईडवाली ताई, तुम्ही सांगितलेली ती १.५ ची ओळ मी हायलाइटरने रंगवून नेली होती. सर्जनना म्हटलं, सर ही ओळ धरून मला १०० का लागेल ते समजावून सांगा. त्यांनी चष्मा वर करून परत वाचलं, आणि राग न धरता म्हणाले की बोर्डापुढे, म्हणजे त्यांच्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीपुढे, ठेवतो. पुढच्या बुधवारी त्यांचाच फोन आला की आत्ता आयोडीन नको, सहा महिन्यांनी परत थायरोग्लोब्युलिन आणि सोनोग्राफी, आकडा चढायला लागला तर तेव्हा विचार करू. टीएसएच ०.५ ते २ मध्ये ठेवायचंय असं फाईलवर लिहून घेतलं. मला रात्री अजूनही वाटतं की घेऊन टाकलं असतं तर बरं झालं असतं का, ते जात नाही डोक्यातून, पण मग मुलीचा हात गळ्यावर येतो, टाक्याच्या रेघेवरच ठेवते ती.

सोमवारपासून शाळेत जातेय. ईएनटीने सांगितलं दोन्ही तंतू हलतायत, उजवा जरा मंद आहे. काल माईक न लावता पाढे घेतले, आठापर्यंत आवाज टिकला, नऊला बसला, तिथून पुढे मुलींनीच म्हटले.